तळ्याकांठचे शब्द

इंग्रजी अंमलाबरोबर आपल्या देशांत नुसते गव्हर्नर आणि कलेक्टर आले नाहींत. त्यांच्या कारभाराचे शब्दहि आले. कौन्सिल, रेझोल्यूशन, ॲक्ट, ऑर्डर, इंजंक्शन, पब्लिक, प्रायव्हेट, कस्टम, राइट हे शब्द गेलीं दीडशें वर्षें आपल्या कानांवरून जात आहेत. त्यांतले कांहीं आपण जसेच्या तसे उचलले, कांहींना मराठी अंगरखा चढविला. पण अंगरखा शिवतांना पुष्कळदां दोन निराळ्या शब्दांना एकच माप लागलें, आणि कांहीं शब्दांच्या बाबतींत तर कानालाहि फरक कळेनासा झाला. कौन्सिल म्हणजे सभा आणि कौन्सेल म्हणजे पक्षकाराची बाजू मांडणारा वकील. देवनागरींत दोहोंमध्यें एका वेलांटीचें अंतर. १९२७ सालीं डॉ. आंबेडकर मुंबईच्या कायदे कौन्सिलचे सभासद होते आणि बॅरिस्टर या नात्यानें कौन्सेलहि होते. तेव्हां ह्या जोडीची गल्लत करणाऱ्याला निदान त्यांच्या बाबतींत तरी माफी होती. इतर जोड्यांच्या बाबतींत ती नव्हती.

श्रोतेहो, शाळेंतल्या परीक्षेंत असा घोटाळा झाला तर एकदोन गुण जातात. सार्वजनिक जीवनांत तो झाला तर काय जातें, ह्याचें उत्तर महाडच्या एका तळ्यानें देऊन ठेवलें आहे. महाड हें तेव्हां कोलाबा जिल्ह्यांत. त्या जिल्ह्याला १९८१ पासून रायगड म्हणतात. चवदार तळ्याचा इतिहास आपण सत्याग्रहाचा इतिहास म्हणून ऐकतों, आणि तें योग्यच आहे. आज तोच इतिहास शब्दांच्या बाजूनें पाहावयाचा आहे. कारण १९२३ पासून १९३७ पर्यंत, चौदा वर्षें, त्या तळ्याच्या प्रश्नानें जीं जीं वळणें घेतलीं त्या प्रत्येक वळणावर एखाद्या शब्दाचा अर्थ काय हा प्रश्न उभा होता. आणि त्या अर्थावर माणसाच्या ओंजळींत पाणी पडणार कीं नाहीं हें ठरत होतें.

प्रथम स्थळाची ओळख करून घेऊं. महाबळेश्वराच्या डोंगरांत उगम पावलेली सावित्री कोंकणांत उतरते, पोलादपूरवरून वाहत येते आणि महाडाजवळ तिला गांधारी मिळते. पुढें बाणकोटच्या खाडीवाटे ती समुद्राला जाते. खाडीमुळें महाड ही जुनी पेठ. गलबतांचा माल येथें उतरावा आणि घाटावर चढावा. एका अंगाला रायगड, दुसऱ्या अंगाला पोलादपूरच्या वर प्रतापगड, आणि त्याच मुलुखांत तानाजी मालुसऱ्यांचें उमरठ. पाऊस असा कीं चार महिने नदी गांवांत शिरते कीं काय अशी धास्ती; आणि वैशाख आला कीं डोंगरांतल्या वाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन मैलमैल चालणार. अशा मुलुखांत भरल्या तळ्याची किंमत काय, हें निराळें सांगावयास नको.

चवदार तळें चारपांच एकरांचें. चारी बाजूंना म्युनिसिपालिटीचे रस्ते, रस्त्यांपलीकडे सवर्ण हिंदूंचीं आणि थोडीं मुसलमानांचीं घरें, पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या. पावसाचें पाणी आणि कांहीं झरे ह्यांवर तें भरतें. हायकोर्टाच्या निकालांत त्याचें वय निदान अडीचशें वर्षें धरलें आहे. इतकीं वर्षें त्या पाण्यावर सवर्ण येत, अन्य धर्माचे लोक येत; मज्जाव होता तो तेव्हां ज्यांना अस्पृश्य म्हणत त्या समाजाला.

ह्या समाजांतील पुष्कळ माणसें इंग्रजी पलटणींत नोकरी करून, लिहावयास-वाचावयास शिकून, पेन्शन घेऊन गांवीं परतलीं होतीं. महाडाजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांपैकीं एक. ‘विटाळ विध्वंसन’ हें त्यांचें पुस्तक १८८८ सालचें. १८९५ सालीं सरकारनें त्यांना महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमलें, तेव्हां त्यांच्या शेजारीं बसणें इतर सभासदांना रुचलें नाहीं. बोर्ड ‘लोकल’ होतें; वलंगकर त्याच मातींतले होते; तरीहि ‘लोकल’ ह्या शब्दांत ते बसतात कीं नाहीं असा प्रश्न निघाला. पुढें जो झगडा पेटला त्याची ही पहिली ठिणगी म्हणतां येईल.

आतां पहिली जोडी : रेझोल्यूशन आणि ॲक्ट, म्हणजे ठराव आणि कायदा. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेले किंवा राखलेले, अथवा सरकारनें नेमलेल्या वा कायद्यानें स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यांतील सर्व पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेंच सार्वजनिक शाळा, कोर्टें, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गांना वापरूं द्यावे, अशी त्यांत शिफारस होती. ठराव थोर होता. पण लोकांत बोलवा झाली ती ‘कायदा झाला’ अशी, आणि येथेंच पहिली फसगत आहे. कौन्सिलचा ठराव म्हणजे कौन्सिलनें सरकारला कळविलेलें आपलें मत. कायदा व्हावयाचा तर बिल मांडावें लागतें, त्याचीं वाचनें व्हावीं लागतात, गव्हर्नराची संमति लागते. आणि तो मोडला तर मोडणाऱ्याला जाब द्यावा लागतो. ठराव मोडणाऱ्याला जाब कोणी विचारीत नाहीं.

मग ह्या शिफारशीचें पुढें काय झालें? ११ सप्टेंबर १९२३ रोजीं सरकारनें खात्यांच्या मुख्यांना तिची अंमलबजावणी करण्यास सांगितलें, परंतु तें सरकारच्या मालकीच्या जागांपुरतें. म्युनिसिपालिट्या आणि लोकल बोर्डें ह्यांच्या बाबतींत, त्यांनीं शिफारस स्वीकारण्याचा विचार करावा, असा सल्ला कलेक्टरांनीं द्यावा, इतकेंच ठरलें. महाडच्या म्युनिसिपालिटींत सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस ह्यांच्यासारखे सुधारणेच्या बाजूचे गृहस्थ होते. तिनें ५ जानेवारी १९२४ रोजीं ठराव केला कीं, अस्पृश्यांना तळें वापरूं देण्यास आपली हरकत नाहीं. आतां हे तीन शब्द एकापुढें एक ठेवून पाहा. कौन्सिलांत ‘शिफारस’, सेक्रेटरिएटांत ‘सल्ला’, महाडांत ‘हरकत नाहीं’. डोंगरावरून उतरणारें पाणी खालीं येतां येतां वाढतें. हा शब्द खालीं येतां येतां आटत गेला. आणि तळ्यावर तर तो पोंचलाच नाहीं. तीन वर्षें ठराव दप्तरांत राहिला आणि मज्जाव पायऱ्यांवर राहिला. १९२६ च्या ऑगस्टमध्यें बोले ह्यांना पुन्हां कौन्सिलांत उभें राहून, जीं मंडळें ठराव अमलांत आणीत नाहींत त्यांचें अनुदान बंद करावें, असें सुचवावें लागलें.

‘हरकत नाहीं’ आणि ‘हक्क आहे’ हे दोन वाक्प्रयोग आपण रोजच्या बोलण्यांत एकाच अर्थानें वापरतों. पण ज्याची हरकत आज नाहीं त्याची ती उद्यां असूं शकते. परवानगी देणारा ती परत घेऊं शकतो. हक्क कोणाच्या खिशांतून निघत नाहीं, म्हणून तो कोणाच्या खिशांत परत जात नाहीं. ह्या भेदाचें प्रत्यंतर महाडानें लवकरच पाहिलें.

१९ व २० मार्च १९२७ रोजीं महाडास परिषद भरली. दासगांवचे रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे इत्यादि मंडळींनीं ती घडवून आणली, अध्यक्ष डॉ. आंबेडकर. गांवोगांवचे हजारों लोक भाकऱ्या बांधून आले होते. पाण्यानें भरलेलें तळें हांकेच्या अंतरावर असतां परिषदेला दिवसभराचें पाणी चाळीस रुपयांना विकत घ्यावें लागलें. वीस तारखेस मिरवणूक शिस्तीनें तळ्यावर गेली. आंबेडकरांनीं ओंजळीनें पाणी घेतलें, आणि त्यांच्यामागून इतरांनीं. जो ठराव तीन वर्षें कागदावर होता तो त्या दिवशीं पाण्यांत उतरला. थोड्याच वेळांत, आतां हे लोक वीरेश्वराच्या देवळांत शिरणार, अशी आवई उठली आणि परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. मागाहून एकशें आठ घागरी पंचगव्य ओतून तळें शुद्ध करून घेण्यांत आलें. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजीं, बोले ठरावाला बरोबर चार वर्षें होत असतां, महाडच्या म्युनिसिपालिटीनें आपला १९२४ चा ठराव रद्द केला. नसलेली हरकत उपस्थित झाली.

दुसरी जोडी पब्लिक आणि प्रायव्हेट ह्यांची. ह्यांत मराठीनें आपलीहि भर घातली आहे. आपल्याकडे ‘सरकारी’, ‘सार्वजनिक’ आणि ‘गांवचें’ हे तीन शब्द एकमेकांच्या जागीं सर्रास बसतात. वास्तविक सरकारी तिजोरी सरकारी असते, पण ती सर्वांना उघडी नसते. सार्वजनिक म्हणजे सर्व जनांसाठीं. त्यांतून कोणास वगळलें कीं तो शब्द खोटा पडला. आणि ‘गांवचें’ म्हणजे? जुन्या व्यवहारांत गांव वेशीच्या आंत असे आणि ज्यांना अस्पृश्य म्हणत त्यांची वस्ती वेशीच्या बाहेर. तेव्हां ‘तळें गांवचें आहे’ ह्या साध्या दिसणाऱ्या वाक्यांत कोण येतो आणि कोण येत नाहीं, हें बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला न सांगतां समजत असे. मुसलमान त्यांत येत होते, वाटसरू येत होते. त्याच मुलुखांत शेंकडों वर्षें राबलेला समाज येत नव्हता.

सत्याग्रह पुन्हां २५ डिसेंबरला होणार असें जाहीर झालें. तेव्हां सनातनी पुढाऱ्यांनीं जिल्हा मॅजिस्ट्रेटाकडे धांव घेतली आणि फौजदारी कायद्याच्या १४४ व्या कलमाखालीं बंदीचा हुकूम मागितला. आंबेडकरांनीं नमूद करून ठेवल्याप्रमाणें मॅजिस्ट्रेटानें तो दिला नाहीं. तळें सार्वजनिक आहे, तें वापरण्यापासून कोणास आपण कायद्यानें अडवूं शकत नाहीं, तुमचा एकट्यांचाच हक्क असेल तर तो कोर्टांत शाबीत करा, असें त्याचें म्हणणें पडलें. म्हणून १२ डिसेंबर १९२७ रोजीं महाडच्या दिवाणी कोर्टांत दावा दाखल झाला. त्यांतील मागणी अशी कीं, हें तळें स्पृश्य वर्गांच्या खाजगी मालमत्तेच्या स्वरूपाचें आहे, असें कोर्टानें जाहीर करावें. म्युनिसिपालिटीच्या रस्त्यांनीं वेढलेलें चारपांच एकरांचें तळें एका रात्रींत ‘प्रायव्हेट’ झालें! आणि गंमत अशी कीं, सार्वजनिक तळ्याचा हक्क मागणाऱ्या डिसेंबरच्या परिषदेला महाडांत सार्वजनिक जागा मिळेना. ती दिली फत्तेखान नांवाच्या एका मुसलमान गृहस्थानें, आपल्या खाजगी जमिनींत. खाजगी जागेनें सर्वांना घेतलें आणि सार्वजनिक पाण्यानें बाहेर ठेवलें.

तिसरी जोडी ऑर्डर आणि इंजंक्शन ह्यांची. मराठींत दोहोंनाहि आपण ‘मनाई’ म्हणतों, आणि म्हणून दोहोंचा दाता एकच, सरकार, असें समजतों. मॅजिस्ट्रेटाचा बंदीहुकूम शांततेसाठीं असतो आणि तो सरकारी सत्तेचा हुकूम असतो. इंजंक्शन दिवाणी कोर्ट देतें, तें एका पक्षकाराच्या अर्जावरून दुसऱ्या पक्षकाराला. तात्पुरतें इंजंक्शन म्हणजे निकालहि नव्हे. निकाल लागेपर्यंत ‘थांबा’ असें सांगणें. १४ डिसेंबर १९२७ रोजीं असें तात्पुरतें इंजंक्शन आंबेडकर व त्यांचे सहकारी ह्यांच्यावर निघालें.

ह्या शब्दाच्या अर्थावर परिषदेंत केवढा पेंच पडला असेल ह्याची कल्पना करावी. हजारों माणसें सत्याग्रहाच्या तयारीनें आलीं होतीं. २५ तारखेस गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ह्यांच्या ठरावानुसार मनुस्मृतीचें दहन झालें होतें. मनें तापलेलीं होतीं. मनाई मोडून तळ्यावर जावें, तुरुंग पत्करावा, असें बहुतेकांचें मत होतें. सत्याग्रह पुढें ढकलावा असें आंबेडकरांनीं २७ तारखेस त्यांना पटविलें. आपला झगडा सवर्णांच्या मज्जावाशीं आहे, सरकारशीं नाहीं. मनाई मोडली तर सरकारच समोर उभें राहील आणि खरा प्रतिपक्ष बाजूला सरेल, हा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ. लोकांनीं तें मानलें. तळ्याभोंवतीं शांत मिरवणूक निघाली आणि पाण्याला हात न लावतां लोक आपापल्या गांवीं गेले. तहानलेल्या माणसाला एका शब्दाचा नेमका अर्थ समजावून देऊन तळ्यावरून परत नेणें, हें पुढारीपणाचें सामान्य काम नव्हे. दोन महिन्यांनीं, २३ फेब्रुवारी १९२८ रोजीं, तें इंजंक्शन उठलें. दावा मात्र चालू राहिला.

त्या दाव्यांत चौथी जोडी कसास लागली : कस्टम आणि राइट, म्हणजे रूढि आणि हक्क. वादी म्हणत, आम्हींच हें पाणी परंपरेनें वापरीत आलों आहों, म्हणून दुसऱ्यांना रोखण्याचा आमचा हक्क आहे. हा ‘म्हणून’ खरा कीं खोटा, एवढाच प्रश्न तीन कोर्टांपुढें होता. १९३१ सालीं खालच्या कोर्टानें दावा काढून टाकला. पुष्कळ काळ एक वर्ग पाणी भरीत होता आणि दुसरा भरीत नव्हता, हें त्यानें मान्य केलें; पण एकानें वापरलें आणि दुसऱ्यानें वापरलें नाहीं एवढ्यावरून पहिल्याला दुसऱ्याविरुद्ध हक्क मिळत नाहीं, असें ठरविलें. १९३३ सालीं ठाण्याच्या कोर्टांत अपील फेटाळलें गेलें. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ति ब्रूमफील्ड. १९२२ सालीं अहमदाबादेस महात्मा गांधींचा खटला ज्यांच्यापुढें चालला तेच हे. वादींनीं सांगितलेली रूढि अनादि कालापासून चालत आलेली आहे असें शाबीत झालें नाहीं, असा निर्णय देऊन हायकोर्टानेंहि अपील खर्चासह फेटाळलें.

‘अनादि कालापासून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपण घरांत एखादी गोष्ट आजोबांच्या वेळेपासून चालत आली असली कीं ती रूढि म्हणतों. कायद्याला तेवढें पुरत नाहीं. ती कधीं सुरू झाली हें माणसाच्या स्मरणांत नसावें, तिच्यांत खंड नसावा, ती निश्चित असावी, वाजवी असावी. तेव्हां तिला कायद्याचें बळ येतें. आणि हें शाबीत करण्याचें ओझें रूढि सांगणाऱ्याच्या डोक्यावर असतें. जे धर्म आणि परंपरा हे शब्द मोठ्या विश्वासानें उच्चारीत होते, त्यांना तें ओझें दहा वर्षांत तीन कोर्टांच्या पायऱ्या चढून पेललें नाहीं.

येथें कथा संपवावी असा मोह होतो. पण शेवटची जोडी राहिली आहे, आणि सुशिक्षितांचा घोटाळा बहुधा तिच्यांतच होतो. ‘दावा फेटाळला’ म्हणजे ‘हक्क दिला’ असें नव्हे. अस्पृश्यांना रोखण्याचा वादींचा हक्क शाबीत झाला नाहीं, इतकेंच हायकोर्टानें म्हटलें. रूढि वाजवी आहे कीं नाहीं, तळें म्युनिसिपालिटीच्या ताब्यांत असण्याचा कायदेशीर परिणाम काय, ह्या प्रश्नांत शिरण्याची आपणांस गरज उरली नाहीं, असें सांगून त्यानें ते तसेच ठेवले. उद्यां वादींपाशीं अधिक जुना पुरावा असता तर? निकालानें दार बंद करणाऱ्याचा हात बाजूला केला. दारावर ‘हें सर्वांचें आहे’ अशी पाटी लावली नाहीं.

ती पाटी २६ जानेवारी १९५० रोजीं लागली. ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष महाडच्या दाव्यांतले प्रतिवादी होते, त्याच्या १५ व्या अनुच्छेदांत सांगितलें आहे कीं, सरकारी पैशानें पूर्णतः किंवा अंशतः राखलेल्या, अथवा सामान्य जनतेच्या उपयोगासाठीं दिलेल्या विहिरी, तळीं, स्नानाचे घाट, रस्ते ह्यांच्या वापरास कोणत्याहि नागरिकाला जातीच्या कारणानें मज्जाव असणार नाहीं. १७ व्या अनुच्छेदानें अस्पृश्यता नष्ट केली. आणि १३ व्या अनुच्छेदानें ‘कायदा’ ह्या शब्दाच्या व्याख्येंतच कायद्याचें बळ असलेली रूढि व वहिवाट घातली. ती घातली अशासाठीं कीं, मूलभूत हक्कांच्या आड येणारी रूढि कितीहि जुनी असली तरी त्या मर्यादेपर्यंत ती निरर्थक ठरावी. १९२३ चा ठराव आणि हीं कलमें शेजारीं ठेवून वाचावीं. वस्तु त्याच आहेत : विहीर, तळें, सार्वजनिक पैसा. बदललें आहे तें क्रियापद. तेथें ‘वापरूं द्यावें’ अशी शिफारस होती. येथें ‘मज्जाव असणार नाहीं’ असा नियम आहे. १९५५ सालीं मज्जावाला शिक्षा सांगणारा अस्पृश्यता (अपराध) कायदा झाला, आणि १९७६ सालीं त्याचें नांव बदलून नागरी हक्क संरक्षण कायदा असें झालें. त्या नव्या नांवांत कोणाच्या परवानगीचा मागमूसहि नाहीं. आहे तो ‘हक्क’.

दर वर्षीं २० मार्चला चवदार तळ्यावर लोकांची रीघ लागते. येणाऱ्यांत इंग्रजी न येणारे पुष्कळ असतात. परंतु ‘हरकत नाहीं’ आणि ‘हक्क आहे’ ह्यांतला भेद त्यांना कोणी शिकवावा लागत नाहीं. तो त्यांच्या वाडवडिलांनीं किंमत देऊन शिकून ठेवला आहे. शिकावयाचा आहे तो आपणां वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना. पोलादपूरच्या डोंगरांतल्या एखाद्या वाडीला नळ ‘मंजूर’ झाला अशी बातमी वाचली, तर चहाचा पेला खालीं ठेवून एवढें विचारावें : मंजूर काय झालें? शिफारस, खर्च, कीं हुकूम? आणि तो मोडला तर जाब कोणाला विचारावयाचा? ह्या प्रश्नांचीं उत्तरें मिळेपर्यंत त्या वाडीचा हंडा रिकामाच आहे असें समजावें.